विश्वनाथदादाचा पासवर्ड

भुताखेतांवर माझा विश्वास नाही आणि माझ्यावर आमच्या तालुक्याचा विश्वास नाही. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी मला थापाड्या म्हणायला नको. मी थापाड्या आहेच! धारूरच्या किल्ल्यावरून मी आरोळी दिली की पार तेलगावातल्या म्हशी पान्हा चोरतात, असं मी स्वतःच लोकांना सांगत आलोय... पण आज जे लिहितोय त्यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. धारूरला माझा कॉम्प्युटर क्लास होता — दोन मशिनी, एक पंखा आणि बाहेर ‘इंटरनेट’ अशी एवढी मोठी पाटी, की ती वाचायला लोक चालत्या एसटीतून उतरायचे. माझा मावसभाऊ विश्वनाथदादा तेलगावला बसवंतअप्पाच्या जिनिंगमध्ये नोकरीला होता. कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना तो. अप्पा म्हणजे बडी असामी. नारायणगडाच्या जत्रेला त्याच्या नावाची पंगत उठायची.

तेव्हा मुंबईच्या काही कापूस व्यापाऱ्यांनी मिळून एक वेबसाइट काढली होती. त्यावर रोजचा भाव यायचा, पण नाव आणि पासवर्ड दिल्याशिवाय ती उघडायची नाही. अप्पाच्या जिनिंगला ते नाव मिळालं होतं विश्वनाथदादाचं. दादा रोज सकाळी त्या मोडेमचं मांजराची शेपटी दाराच्या फटीत सापडल्यासारखं केकाटणं ऐकायचा, भाव काढायचा आणि गेटावरच्या फळ्यावर खडूनं लिहायचा. खरा भाव. त्याच्या उजव्या हाताची बोटं कायम पांढरी असायची. सुनंदावहिनी ताट वाढताना ओरडायची, “आधी ते खडू धुवा, न्हाईतर कालवणात मीठ कमी घालते मी!”

अप्पाच्या डोळ्यांत तो फळा लई खुपायचा. शेतकरी फळा वाचून आत येणार आणि अप्पाच्याच तोंडावर भाव सांगणार. कुठल्या मालकाला आवडेल?

अन् एक दिवस मुंबईहून फोन आला. तुमच्या जिनिंगच्या नावानं दुसऱ्या गावातूनही कुणीतरी साइट उघडतंय म्हणे. पासवर्ड फुटला होता. अप्पानं तिथल्या तिथं बोट दाखवलं, “ह्यानं इकला!”

दादा म्हणाला, “अप्पा, मी बायकोलासुद्धा सांगितला नाही. तापात पडलो होतो तेव्हा फक्त तुमाला सांगितला.”

आता आमच्याकडं असा वाद कोर्टात जात नाही, महादेवाच्या पायरीवर जातो. बेल आणि भंडारा तळहातावर घेऊन जो बोलेल ते खरं, मग त्याच्यावर दुसरा शब्द नाही. सगळ्या गावासमोर अप्पानं उजव्या हातावर बेलभंडारा उचलला. “त्यो पासवर्ड म्या कधी ऐकला न्हाई, कधी बघितला न्हाई. खोटं बोलत असंन तर ह्यो हात झडून जाऊ दे.”

संपलं. दादा चोर ठरला. थोड्याच दिवसांत धारूरच्या घाटात त्याची मोटारसायकल दरीत गेली. वळण दिसलं नाही म्हणतात... ज्या वळणावरून तो डोळे झाकून गेला असता ते वळण.

वहिनी बालवाडी चालवायची. आयांनी एकेक करून पोरं काढून घेतली. हापशावर बाया तिला पाहून बोलायच्या थांबायच्या. मी भेटायला गेलो तर तिनं चहा पुढं केला आणि सरळ सांगितलं, “भावजी, मला दुसरं काही न्हाई पायजे. ज्या गावासमोर ह्यांना चोर म्हटलं, त्याच गावासमोर अप्पा खोटा पडला पायजे. मग मी मेले तरी चालंन.”

मी म्हणालो, “वहिनी, तुम्ही मरू नका. मी बघतो.”

आणि नशीब बघा — चार-सहा महिन्यांनी अप्पा स्वतःच माझ्या क्लासच्या पायऱ्या चढून आला! दादाचं नाव मुंबईवाल्यांनी कधीच बंद केलं होतं, अप्पानं आता स्वतःच्या नावानं नवीन घेतलं होतं.

“दत्ता, मला असा प्रोग्राम करून दे की मी एक बटन दाबलं की भाव समोर. नाव पासवर्ड काय ते त्यानं त्याचं द्यावं. कुणा मान्साच्या हातात नको आता ते.”

“करू की.”

“आनिक एक हाय. लोकान्ला दिसताना भाव जरा खाली वढून दिसला पायजे.”

“अन् खरा?”

“कावून इचारतो बे? खरा माझ्या टेबलावर.”

मी हसून हो म्हटलं. अप्पाला वाटलं, मी त्याच्या हुशारीला हसलो. माझ्या मनात काय होतं ते सांगतो. कापूस खरेदीच्या मुहूर्ताला त्यानं सगळ्यांसमोर बटन दाबायचं आणि भाव खाली ओढायची ओळ मी प्रोग्रामात लिहायचीच नाही! भर मांडवात खरा भाव पडद्यावर. अप्पाचा बकरा करायचा माझा पक्का बेत होता आणि त्या बेतावर मी इतका खूष होतो की झोपेत हसायचो, असं घरचे सांगतात.

प्रोग्रामाची रीत थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तुमचा प्रोग्राम साइटच्या दारात जातो आणि म्हणतो, भाव दे. साइट म्हणते, तू कोण? नाव-पासवर्ड आण, आणि परत पाठवते. तुम्ही ब्राउझरमधून गेलात तर ह्याच वेळी पडद्यावर करडी चौकट येते — वर साइटवाल्यांनी लिहिलेली एक ओळ, खाली नावाची जागा, त्याखाली पासवर्डची. पण मी ती भानगडच ठेवली नव्हती. माझा प्रोग्राम मागणीबरोबरच नाव-पासवर्ड पाठवायचा. तेही काही कुलपात नाही हं! सदरा उलटा करून घातल्यासारखं नुसतं अक्षरांचं रूप बदलून जातं, कुणीही सुलटं करून वाचावं. माझ्या प्रोग्रामात एक खिडकी आणि एक बटन. चौकट नावाची वस्तूच नव्हती. हे नीट लक्षात ठेवा.

मुहूर्ताचा दिवस. टळटळीत दुपार. धारूरच्या रस्त्यापर्यंत बैलगाड्यांची रांग. जिनिंगच्या अंगणात मांडव, मधोमध काटा, काट्याशेजारी टेबलावर मशिन, पडदा लोकांकडं. फोनची वायर ऑफिसच्या खिडकीतून जमिनीवरून ओढून आणलेली. पहिल्या गाडीवाल्याला अप्पाच्या हातून फेटा बांधून झाला, नारळ फुटला. आता भाव जाहीर झाल्याशिवाय काटा उचलत नाहीत, ही आमच्याकडची पद्धत. बायकांच्या घोळक्यात मागं सुनंदावहिनी उभी होती. मीच बोलावली होती.

अप्पानं टोपी सारखी केली आणि बटन दाबलं.

चौकट आली.

मी खुर्चीतून उठलोच. ती माझी नव्हती. नावाच्या जागी इंग्रजीत आधीच लिहिलेलं: vishwanath.

“हे काय बे?” अप्पा माझ्यावर खेकसला.

“जुनं काहीतरी राहिलं असंल, खोडा,” मी म्हणालो.

अप्पानं खोडलं, एका बोटानं स्वतःचं नाव टाकलं, नवीन पासवर्ड टाकला. चौकट मिटली आणि परत आली. नाव परत दादाचं. पुन्हा खोडलं, पुन्हा तेच. गाडीवान हसायला लागले. “अप्पा, तुमाला दारात कुणी वळकंना व्हय?”

शाळेचे हेडमास्तर पुढच्याच खुर्चीत होते. त्यांना मोठ्यानं वाचायची सवय. चौकटीच्या वरच्या ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, “अहो, इथं मराठी लिहिलंय. इंग्रजी अक्षरात. ‘अप्पा... तुमी... पायरीवर... काय बोलला?’”

मागचे गाडीवान ती ओळ बघायला पुढं सरकले. मेल्यावरसुद्धा दादानं त्याला ‘तुमी’च म्हटलं होतं.

अप्पानं हिसका मारून मशिनची पिन ओढली. पिन त्याच्या हातात आली... पडदा चालूच. हे मी एकट्यानं नाही पाहिलं, अख्ख्या मांडवानं पाहिलं. बैलांनी माना वर केल्या.

मग अप्पाचा उजवा हात कीबोर्डवर गेला. गेला म्हणजे — त्यानं नेला नाही. डाव्या हातानं त्यानं स्वतःचं मनगट धरून मागं खेचलं, मी समोर उभा होतो, धोतरात पाय अडकला त्याचा, पण उजवा हात पुढंच. आणि इतका वेळ कोंबडीसारखा एकेक दाणा टिपणारा अप्पा चारही बोटांनी सटासट टाइप करायला लागला. दादासारखा. पासवर्डच्या जागी चांदण्या उमटत गेल्या. शेवटचं बटन दाबलं.

दार उघडलं. पडद्यावर भाव. खरा.

मागून वहिनीचा आवाज आला. ओरडली नाही ती. “अप्पा, तुमी त्यो पासवर्ड कधी ऐकला न्हवता ना?”

कुणी काही समजावून सांगायची गरजच पडली नाही. पहिल्या गाडीवाल्यानं डोक्यावरचा फेटा उतरवला आणि काट्यावर ठेवला. “खोट्या बेलभंडाऱ्याच्या हातचा फेटा मला न्हाई पायजे.” त्यानं बैल वळवले. मागची वळली, तिच्या मागची वळली... धुरळ्यात मांडव दिसेना. अप्पा खाली बसून नुसतं म्हणत होता, “माझ्या हातावर कुनाचा तरी हात व्हता. गार. पल्याडच्या गावच्या माझ्या साडूला म्याच दिला व्हता त्यो पासवर्ड, म्याच दिला व्हता, पर ह्यो हात काढा रे कुनीतरी...” त्याच्या मनगटावर पाच बोटं उमटली होती. पांढरी. मी हात लावून पाहिलं. खडू होता.

सगळे पांगल्यावर मी फोनची वायर गुंडाळायला घेतली. पहिली गाडी काट्याकडं आली त्या चाकोरीत ती तुटून पडली होती, दोन तुकडे. आणि ती गाडी नारळ फुटायच्या आधीच येऊन थांबली होती, परत जाताना वायरीकडं फिरकलीसुद्धा नव्हती. पुढच्या आठवड्यात मुंबईला फोन केला. तिकडचा माणूस वैतागला, “तुमच्याकडून त्या दिवशी कुणी आलंच नाही. ना नव्या नावानं, ना जुन्या. जुनं नाव तर आम्ही पुसून टाकलंय!” भाव मात्र बरोबर होता, तोही त्यानंच सांगितला.

अप्पाचा तो हात झडला नाही. नुसता लोंबतो. पार हैदराबादपर्यंत दाखवून झाला, डॉक्टर म्हणतात हाताला काही झालेलं नाही. सून भरवते त्याला. वाईट वाटतं का? नाही वाटत. तेलगावला गेलो की मी मुद्दाम त्याच्या ओट्यासमोरून जातो आणि रामराम घालतो, म्हणजे त्याला उजवा हात उचलायची आठवण व्हावी. वहिनीची बालवाडी भरलेली असते. फळ्यावर लिहून तिची बोटं पांढरी झालेली असतात.

ह्यातल्या एकाही गोष्टीचा उलगडा मला आजवर झालेला नाही. त्या कीबोर्डाची बटनं मी उचकटून पाहिली, प्रोग्राम ओळीन्‌ओळ वाचला. चौकट कुठंच नाही. आख्खा तालुका अजून डोळा मारून म्हणतो, “दत्ता, तूच केलंस की बे ते!” आता तुम्हीच विचार करा. धारूरचा पाऊससुद्धा मी पाडला म्हणून सांगणारा माणूस मी. हे मी केलं असतं, तर नाही म्हटलं असतं का?