शेवटचा काळा चिमटा

"तोंड फिरवा, बाई."

बॅटरीच्या वायरीचा शेवटचा चिमटा लावायच्या आधी मामा हे म्हणायचे. नुसतं म्हणून थांबायचे नाहीत, तर हाताच्या पालथ्या बाजूने समोरच्याची हनुवटी बाजूला सारायचे. समोर शिपाई असो, सरपंच असो, की मी, त्यांची डॉक्टर. मग स्वतःचंही तोंड फिरवायचे. डावा डोळा वाचवायचा प्रश्न नव्हता, तो आधीच गेला होता. उरलेल्या उजव्यासाठी ते फिरायचे.

पोरांनो, गेल्या आठवड्यात थोरलीचा फोन आला. तिकडे बर्फात तिची गाडी उठत नव्हती आणि शेजारणीच्या गाडीवरून करंट घ्यायचा होता. मी फोनवरून एकेक चिमटा सांगत गेले आणि शेवटी म्हणाले, "आता तोंड फिरव." गाडी सुरू झाल्यावर तिने विचारलं, "आजी, तुला हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, लिहून कळवते. क्रमाने लिहिते आहे. मला दुसरी रीत येत नाही.

मी तेव्हा औशाच्या बाजूला एका आरोग्य केंद्रात होते. लातूर जिल्हा नवाच झालेला. आमच्या जीपच्या दारावरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून त्यावर नवं रंगवलं होतं, पण ऊन तिरपं पडलं की खालचं नाव दिसायचं. त्यात दुष्काळ. गावोगाव विहिरींचे तळ दिसत होते आणि पाणी टँकरने यायचं, आलं तर.

मामा आमचे ड्रायव्हर. सगळं केंद्र त्यांना मामाच म्हणे. पन्नाशीचे, काटक, कमी बोलणारे. रोज सकाळी जीपला हात लावून नमस्कार करायचे, बॉनेट उघडायचे आणि बॅटरीची सहा झाकणं एकेक करून काढून आत वाकून बघायचे. त्या कप्प्यांना ते घरं म्हणत. "सहा घरं हायत, बाई. एक जरी तान्हेलं ऱ्हायलं तरी सगळा वाडा बसतो."

डोळ्याची गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली. एका गॅरेजात असताना घाई होती म्हणून शेवटचा चिमटा त्यांनी थेट बॅटरीवर टेकवला. "बॅटरीत गॅस ऱ्हातो. ठिणगी पडली अन् फुटली. तवापासनं शेवटचा काळा चिमटा लांब. इंजिनच्या उघड्या लोखंडावर." त्यांच्या दोन्ही वायरी वेल्डिंगच्या जुन्या केबलच्या होत्या. दोन्ही काळ्याच, म्हणून एकीला बायकोच्या लुगड्याची लाल चिंधी बांधलेली.

त्या उन्हाळ्यात हगवणीची साथ आली. तान्ही मुलं रोज येत, डोळे खोल गेलेली, कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहणारी. औषधं कालवायला, सुया-भांडी उकळायला स्वच्छ पाणी नव्हतं. डिस्टिल्ड वॉटरच्या बाटल्या संपत आल्या होत्या. जुनं ऑफिस म्हणे नव्याकडे मागा, नवं म्हणे आमची कपाटंच अजून आली नाहीत. कपाटात अकरा बाटल्या उरल्या तेव्हा मी किल्ली स्वतःकडे घेतली.

दुसऱ्या दिवशी मामा कंपाउंडरकडून मागणीची चिठ्ठी लिहून घेऊन आले. 'जीपच्या बॅटरीसाठी डिस्टिल्ड वॉटर, बाटली एक.'

"मामा, बाहेर ओसरी बघितलीत?"

"बघितली, बाई."

"मग बॅटरीला देऊ की लेकरांना?"

"लेकरं बी याच गाडीत जातेत, बाई," एवढंच म्हणाले. मी लाल शाईने चिठ्ठीवर इंग्रजीत 'नामंजूर' असं लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली आणि चिठ्ठी परत दिली. माझं अक्षर चांगलं आहे. तेव्हाही होतं.

त्यांनी नाइलाजाने बोअरचं पाणी गाळून घातलं. खारं पाणी, भांड्याच्या तळाला पांढरा थर धरणारं. महिना-दीड महिना जीप कुरकुरत चालली. मामा ती उतारावर लावत, म्हणजे ढकलून सुरू करता येई. मी ते पाहत होते. चालते आहे ना, असं मनाशी म्हणत होते.

मग एका दुपारी आठ मैलांवरच्या गावातून निरोप आला. पहिलटकरीण, दोन दिवस अडलेली. आम्ही गेलो. मी तपासलं. बाळ आडवं होतं, लातूरला नेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तिला बाजेसकट आणून जीपमध्ये मागे घेतलं. मामांनी किल्ली फिरवली. टक्, एवढाच आवाज झाला. दहा माणसांनी ढकलली. गाव सपाट, पेट्रोलची जीप, आणि ठिणगीपुरताही करंट नाही.

चावडीपाशी टँकर उभा होता, बायका हंडे घेऊन भोवती. टँकरवाला धावत आला. "मामा, लावा की आमच्यावरून! टोचा डायरेक्ट."

मामा टँकरखाली वाकले आणि उठले. "दोन बॅटऱ्या जोडल्यात. चोवीस व्होल्टचा हाय. आमची बाराची. न्हाई चालायचा."

"अहो, काय होतंय?"

"फुटंल. पोरगी मागंच हाय, दिसत न्हाई का?"

एक जण सायकलवर शिवारातल्या ट्रॅक्टरकडे पळाला. आम्ही थांबलो. जीपमधून पोरीचं कण्हणं येत होतं. तिची आई मामांच्या अंगावर धावली. "आरं, लेक मरायलीय माझी, अन् तू बॅटऱ्या निवडायलास! दगड हायस का?"

मी काय केलं तेही लिहिते. मीही ओरडले. "मामा, लावून तर बघा!"

मामा माझ्याकडे वळले. आवाज खालीच होता. "गडबड करू नका, बाई. बॅटरीला गडबड कळत न्हाई." मग झाकणं काढत म्हणाले, "खाऱ्या पाण्यानं बॅटरी तापती, घरं परत कोरडी पडलीत. अशी जोडली तर धोका हाय. आता तरी एक बाटली द्या."

बाटली माझ्या बॅगेत होती. मी दिली. सहाही घरांत त्यांनी थोडं थोडं पाणी सोडलं. ट्रॅक्टर आला तोवर पाऊण तास गेला होता.

त्यानंतर त्यांचे हात एकदाही चुकले नाहीत. ट्रॅक्टर जीपला चिकटू दिला नाही. दोन्ही इंजिनं बंद. चिंधीच्या वायरीचं एक टोक आमच्या बॅटरीच्या अधिकवर, दुसरं ट्रॅक्टरच्या अधिकवर. काळी वायर ट्रॅक्टरच्या उण्यावर. उरला शेवटचा काळा चिमटा. तो घेऊन ते बॅटरीपासून लांब, इंजिनच्या लोखंडापाशी गेले. गर्दीला मागे सारलं. माझी हनुवटी बाजूला लोटली.

"तोंड फिरवा, बाई."

ठिणगी उडाल्याचा बारीक आवाज मी ऐकला. ट्रॅक्टर सुरू करून त्यांनी सगळ्यांना पाच मिनिटं थांबवलं. ती पाच मिनिटं अख्खं गाव त्यांना शिव्या देत होतं. मग किल्ली फिरवली आणि जीप उठली. उलट्या क्रमाने चिमटे निघाले, शेवटचा काळा सगळ्यात आधी.

लातूरच्या अलीकडे पोरीचा हात माझ्या हातात गार पडला. बाळ तर आधीच गेलं होतं. मामांना आरशात माझं तोंड दिसलं असणार. त्यांनी जीपचा वेग कमी केला नाही. हॉस्पिटलच्या दारापर्यंत तसेच गेले.

चौकशी लागली. रुग्णवाहिकेची बॅटरी निकामी कशी झाली, हा एकच प्रश्न. आदल्या दिवशी मामा माझ्या खोलीत आले आणि घडी केलेली चिठ्ठी टेबलावर ठेवली. लाल शाई जशीच्या तशी होती.

"हा कागद तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या, बाई. तुमी गेलात तर हितं दुसरा डॉक्टर कवा यायचा? ओसरीवर लेकरं हायत."

दुसऱ्या दिवशी चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं. मामा म्हणाले, "पाणी घालायचं इसरलो, साहेब." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या रजिस्टरात पाहत होते.

मामांची बदली नांदेड जिल्ह्यात, पार किनवटला झाली. जाताना त्यांनी जीपला हात लावला, मला लांबून नमस्कार केला आणि वायरी पिशवीत घालून चालत स्टँडवर गेले. त्या गावचे लोक पुढे कित्येक वर्षं त्यांना 'पोरगी मारलेला ड्रायव्हर' म्हणत. माझ्यासमोर म्हणत, आणि मी नाडी मोजत असे.

ती चिठ्ठी या पत्राला जोडली आहे.

पुष्कळ वर्षांनी एका आश्रमशाळेच्या तपासणीसाठी मी किनवटला गेले. चिठ्ठी पर्समध्ये घेऊनच गेले होते. मामा आदल्या वर्षीच वारले होते. रुळांपलीकडे घर होतं, बायको एकटी. दाराजवळच्या खिळ्याला दोन्ही वायरी टांगलेल्या. चिंधीचा रंग उडाला होता, तरी लाल कोणती ते कळत होतं.

तिने पाण्याचा पेला दिला आणि समोर बसली. "तुमीच का औशाकडल्या डॉक्टरीणबाई? लई नाव काढायचे तुमचं." मग म्हणाली, "एक इचारू का, बाई? घरात प्यायला पाणी नसायचं, तवा बी हा माणूस आधी गाडीची झाकणं उघडून बघायचा. त्यो पाणी घालायचं कसा इसरला आसंल? मरंस्तवर इचारलं म्या. कधी सांगितलं न्हाई."

तिच्याकडे न पाहता मी पाणी प्याले. पर्सवर हात होता.

"तेव्हा काम फार असायचं हो," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि रिकामा पेला उचलून आत नेला.