नसीमची गठडी

"ताई, नसीम गेली," तिचा भाऊ फोनवर म्हणाला आणि मी विचारलं, "कुठं? औरंगाबादला?" मागं बायकांचं रडणं ऐकू आलं, तेव्हा कुठं मला कळलं. त्याला आता महिना होऊन गेला. पण नीट कळलंय असं अजूनही वाटत नाही.

नसीम अंबडची. दोन हजार सालानंतर जालन्यातल्या एका बियाण्यांच्या कंपनीत आम्ही बरोबरच लागलो. मी प्रयोगशाळेत उगवण तपासायची, ती कॉम्प्युटरवर पायथॉन नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहायची. माझ्या आकड्यांवरून बियाणं पास की नापास, हे तिचा प्रोग्राम सांगायचा. त्याचे लहान लहान भाग असत, त्यांना ती फंक्शन म्हणे. एक फंक्शन दुसऱ्याला वाण, ओलावा, शुद्धता अशा ढीगभर गोष्टी एका ओळीत द्यायचं. कशालाच नाव नाही, नुसता क्रम. एका पेरणीच्या तोंडावर त्या ओळीत गेल्या वर्षीची उगवणही घालायची ठरली, आणि देता-घेताना क्रम उलटापालट होऊन यंदाच्या जागी गेल्या वर्षीचा आकडा वाचला गेला. माझ्या ट्रेमध्ये कपाशीचं बी निम्मंही उगवलं नव्हतं, कागदावर मात्र 'पास' आलं. कॉम्प्युटरला कसं खोटं म्हणावं ते मला समजेना. मी ट्रे उचलला आणि तिच्या टेबलावर नेऊन ठेवला. ती एकदा ट्रेकडं बघून तशीच फाटकाकडं पळाली. शहागडला जायचा ट्रक भरून उभा होता.

"पास झालाय माल. तुझाच प्रोग्राम हाये ना?" मालक चिडले.

"म्हणूनच सांगून राह्यले, सेठ. चुकलाय तो. हे बी उगवणार न्हाई."

भर फाटकात, हमालांसमोर, ती स्वतःची चूक अशी मोठ्यानं सांगत होती... ट्रक रिकामा झाला.

मग तिनं सगळं नव्यानं लिहिलं. प्रत्येक गोष्टीला नाव दिलं, सगळ्या एकत्र बांधल्या आणि ती एकच वस्तू पुढं पाठवली. पडद्यावर त्या वस्तूच्या नावाआधी दोन चांदण्यांच्या खुणा दिसल्या. "ह्या कशाला?" मी विचारलं.

"गठडी सोडायला. दारात सोडायची, ज्यानं त्यानं आपली वस्तू नावानं उचलायची. मंग क्रम बदलला तरी बिघडत न्हाई."

मला अर्धंच समजलं. ती हसली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.

पुढं दोनेक वर्षांनी तिनं नोकरी सोडली. का, ते सांगितलं नाही. अंबडला कॉम्प्युटरचा क्लास काढला. गेल्या ईदला भेटले तेव्हा फार वाळलेली वाटली. "काय झालंय गं?" "कुछ नहीं, पित्त." मी खरं मानलं. ती कधी खोटं बोलायचीच नाही, मग मी का नाही मानणार?

परवा तिच्या घरी गेले. दवाखान्यातून कळलं म्हणे, आजार जुना होता, औषधं बऱ्याच काळापासून चालू होती. भावानं तिची खोली उघडली. खिडकीपाशी तिची वेताची खुर्ची होती, पाठीवर ओढणी टाकलेली. तिनं घरात काय सांगितलं होतं, एवढंच मला विचारायचं होतं. तोंड उघडणार, तेवढ्यात तोच हळू आवाजात म्हणाला, "ताई, तुम्हाला तरी ती काही बोलली होती का?"

मी नकारार्थी मान हलवली. खोलीत बसायला ती एकच खुर्ची होती... आम्ही दोघंही उभेच राहिलो.