निळा नऊ टक्के कमी

नकाशांच्या त्या कचेरीत सगळे त्यांना नजरकाका म्हणत आणि काकांना ते मनापासून आवडे. उपग्रहाने टिपलेली चित्रं पट्ट्यापट्ट्यांनी येत. एक पट्टा स्वच्छ दिवसाचा, शेजारचा धुरकट, तिसरा तीन आठवड्यांनी घेतलेला आणि उगाचच हिरवा. धूसरपणा काढून, रंग सारखे करून ते पट्टे असे सांधायचे की एकातून दुसऱ्यात जाताना नदीने रंग बदलू नये. काका हे काम सव्वीस वर्षं करत होते आणि त्यांच्या सांध्याला नावं ठेवायची कोणाची टाप नव्हती.

लाल, हिरवा, निळा किती आहे हे दाखवणारा आलेख प्रत्येकाच्या पडद्यावर असे. काका तो बंद करून ठेवत. "नदी काय आलेखातून वाहते?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि ते बहुतेक वेळा शेजारच्या टेबलावरच्या मुलीला उद्देशून असे. मुलगी म्हणजे चांगली दोन लेकरांची आई, पण काकांना पन्नाशीच्या आतले सगळेच पोरकट वाटत. ती आकडे बघितल्याशिवाय रंगाला हात लावत नसे, म्हणून काका येताजाता तिची फिरकी घेत. काकांनी काम संपवलं की ते तपासून छपाईला पाठवायचं, एवढंच तिच्याकडे होतं.

मग काकांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी बायकोला विचारलं, "ही भिंत पांढरी कधी करून घेतलीस?"

"अहो, दोन वर्षं झाली. पिवळट रंग लावला म्हणून तुम्ही रंगाऱ्याशी भांडला होतात की!"

काकांनी डावा डोळा झाकला. भिंत पांढरीशुभ्र. उजवा झाकला, तर त्याच भिंतीवर कोणी चहा ओतल्यासारखा दिसला. ज्याला सगळं पिवळं दिसतं, तो ते निस्तरायला काय करणार? निळा ओतणार. दोन वर्षं आपण निळा ओततोय! ते नकाशे शाळांच्या भिंतींवर लागले होते, पाणीखात्याच्या टेबलांवर पसरले होते आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात त्यांचं नाव होतं.

डॉक्टरांनी आठवडाभर घरी बसायला सांगितलं होतं. काका काळा चष्मा लावून दुपारी कचेरीत हजर झाले. जेवणाची सुट्टी होती, खोलीत कोणी नव्हतं. चष्मा कपाळावर सरकवून, डाव्या डोळ्यावर तळहात ठेवून त्यांनी जुने नकाशे उघडायला सुरुवात केली. पहिला ठीक होता. शेतं हिरवी, वाळू वाळूसारखी. दुसराही ठीक. दहावा पाहिला तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. "अजून आहे हो नजर!" ते स्वतःशीच मोठ्याने म्हणाले.

दुसरा कोणी असता तर तिथेच उठून घरी गेला असता. काका कामाला पक्के. त्यांनी बदलांची नोंद उघडली. त्यांनी काम पुढे सरकवल्यानंतर अर्ध्या तासाने एक ओळ होती : निळा तीन टक्के कमी. काही महिन्यांनी चार. मग सहा. शेवटच्या नकाशाला नऊ. त्यांच्या मोतीबिंदूची इतकी चोख नोंद डॉक्टरांकडेही नव्हती. प्रत्येक ओळीपुढे शेजारच्या टेबलाचा क्रमांक होता.

ती डबा धुऊन परत आली आणि काकांच्या पडद्याकडे बघून दारातच थबकली.

"सांगितलं का नाहीस?"

"दोनदा सांगितलं काका. तुम्ही म्हणालात, तुझेच डोळे तपासून घे."

"मग?"

"घेतले तपासून. ठीक होते."

काकांना हसू आलं आणि लाजही वाटली, दोन्ही एकदमच.

"साहेबांकडे गेले असते, तर त्यांनी तुम्हाला खाली नोंदवह्यांवर बसवलं असतं," ती म्हणाली. "तुमच्यासारखा सांधा मला जमत नाही. इथे कोणालाच जमत नाही. निळा कमी करायला काय, दोन मिनिटं लागतात."

ती खुर्चीत बसली. "दुसऱ्या डोळ्याचं कधी आहे?"

"पुढच्या महिन्यात."

"बरं. तोवर बघते मी."

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सव्वीस वर्षांत त्यांनी या खोलीत कोणाला काही मागितलं नव्हतं.

"नुसतं तोवर नको," ते म्हणाले. "नंतरही बघत जा."