कांबळे सरांची आयडेंटिटी

रिटायर झालेले मास्तर एकत्र बसले की पहिली पाच मिनिटं बीपी आणि गुडघ्यांत जातात, मग किस्से सुरू होतात. आमच्याकडे ते साठले संतापातून. पोट धरून हसलो ते दिवस मी विसरून गेले. ज्या दिवशी डोकं फिरलं तो प्रत्येक दिवस मात्र मला कोणता वार होता इथपर्यंत पाठ आहे. परवा भाचीनं विचारलं, "मावशी, मॅथ्सच्या डिपार्टमेंटमध्ये घडून घडून काय घडणार?" म्हटलं, बस इथं, सांगते.

लातूरचं एक कॉलेज. डिपार्टमेंटमध्ये आम्ही तिघं. हेड बिराजदार सर, निझामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. त्यामुळे रंगात आले की बेरजेला 'जमा' आणि गुणाकाराला 'जर्ब' म्हणायचे. दुसरे सूर्यकांत कांबळे सर, रेणापूरकडचे, घराण्यातले पहिले पदवीधर. तिसरी मी, लोह्याची.

कांबळे सरांचा विषय आधी समजून घ्या, नाहीतर माझा राग कळायचा नाही. पाच ही संख्या घ्या. ती बेरजेत फोडा, पण एकही आकडा दोनदा वापरू नका. पाच, चार अधिक एक, तीन अधिक दोन. तीन प्रकार झाले. आता फक्त विषम आकडे वापरा, कितीही वेळा. पाच, तीन अधिक एक अधिक एक, आणि पाच वेळा एक. पुन्हा तीनच. पाचाच्या जागी पाचशे घ्या, तरी दोन्हीकडची मोजदाद सारखीच येते. हे जुनंच आहे. कांबळे सरांचं काम याच वाटेवर, पण फार पुढचं. एका बाजूला कधीच न संपणारी बेरीज, जिला हायपरजॉमेट्रिक सिरीज म्हणतात. दुसऱ्या बाजूला कधीच न संपणारा गुणाकार. दिसायला एकमेकांशी काही संबंध नाही, आणि दोन्ही एकच आहेत हे सिद्ध करायचं. अशा समीकरणाला आयडेंटिटी म्हणतात.

या सगळ्या गणितात 'क्यू' हे अक्षर जिकडेतिकडे येतं. दुष्काळाची वर्षं होती. पोरं म्हणायची, कांबळे सर सकाळी टँकरच्या क्यूत आणि दुपारी फळ्यावरच्या क्यूत.

*

उस्मानाबादेतून लातूर नुकतंच वेगळं झालेलं. नवा जिल्हा, नव्या पाट्या, नवे साहेब. पाऊस तेवढा नव्हता. अशात प्राचार्यांचं एक सर्क्युलर आलं की प्रत्येक विभागानं आपल्या संशोधनाचा दुष्काळ निवारणाला काय उपयोग आहे ते एका पानात कळवावं. केमिस्ट्रीवाल्यांनी पाण्याच्या क्षारांवर लिहिलं, बॉटनीवाल्यांनी ज्वारीवर. मराठीवाल्यांनीसुद्धा काहीतरी लिहिलं.

कांबळे सरांनी प्रामाणिकपणे लिहिलं, "तूर्त उपयोग दिसत नाही." झालं. प्राचार्यांनी आम्हा तिघांना केबिनमध्ये उभं केलं. लोक पाण्यावाचून तडफडतात आणि तुम्ही अनंत बेरजा करत बसता, लाज नाही वाटत, इथपर्यंत बोलले. कांबळे सर मान खाली घालून ऐकत होते, आणि हा माणूस त्या दिवशी पहाटे चार घागरी भरून आला होता. प्राचार्यांच्या बंगल्यावर टँकर थेट जायचा.

शेवटी प्राचार्यांनी विचारलं, "तुमच्या या सिरीजमधून पाणी निघणार आहे का?"

बिराजदार सर शांतपणे म्हणाले, "न्हाई साहेब. तुमच्या सर्क्युलरमधून किती निघालं?"

*

नव्या जिल्ह्याला कचेऱ्या पुरेनात. कॉलेजच्या खोल्या घेतल्या, त्यात आमची पण गेली. म्हणजे निम्मी. एका बाजूला आमची तीन टेबलं, दुसऱ्या बाजूला टँकरचं काम बघणारे दोन कारकून. फळा एकच.

त्या फळ्यावर कांबळे सरांची सहा आठवड्यांची मांडणी होती. एक पायरी अडली होती, म्हणून ते रोज येऊन फळ्यासमोर उभे राहायचे, एखादी ओळ बदलायचे. खाली कोपऱ्यात चौकट करून लिहिलेलं होतं, 'पुसू नये'.

सोमवारी येऊन बघतो तर सगळं पुसलेलं. फळाभर गावांची नावं आणि त्यांच्यापुढं टँकरच्या खेपा. कारकुनानं फक्त एक गोष्ट ठेवली होती. खाली कोपऱ्यातली ती चौकट. 'पुसू नये.' त्याला ती कामाची वाटली.

मी कारकुनाशी इतकी भांडले की शेजारच्या वर्गातलं लेक्चर थांबलं. त्याला काही कळेचना. तो म्हणाला, मॅडम, एबीसीडी होती, कुणी पोरानं लिहिली असंल. मी डस्टर घेऊन त्याची यादी पुसायला निघाले. कांबळे सरांनी डस्टर माझ्या हातातून काढून घेतला.

"राहू द्या मॅडम. लोकांच्या पाण्याचं हाय ते. माझं मला आठवतंय."

त्यांना सगळं आठवत नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. दुसऱ्यांदा करताना ते दुसऱ्या बाजूनं गेले, आणि जी पायरी सहा आठवडे अडली होती ती त्या वाटेवर आलीच नाही. हे मी त्या कारकुनाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं श्रेय मागितलं असतं, आणि त्या वर्षांत श्रेय मागणारे आधीच फार झाले होते.

*

कांबळे सरांना एक जुना संदर्भग्रंथ हवा होता. विद्यापीठाच्या ग्रंथालयात होता. बसनं आख्खा दिवस प्रवास करून गेले. तिथल्या माणसानं सांगितलं की हे पुस्तक लेक्चररला मिळत नाही, त्याच्या वरचा हुद्दा, म्हणजे रीडर लागतो. सर म्हणाले, घेऊन जात नाही, इथंच बसून वाचतो. तर म्हणे इथं बसायलाही रीडर लागतो. पुस्तक काचेच्या कपाटात दिसत होतं. कार्ड काढून बघितलं तर ते आजवर एकदाही कुणी नेलं नव्हतं.

परत आल्यावर बिराजदार सरांनी कागद ओढला आणि हैदराबादच्या एका ग्रंथालयातल्या म्हाताऱ्या साहेबांना उर्दूत चिठ्ठी लिहिली. कांबळे सर ती घेऊन उदगीरमार्गे गेले. काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं. त्या म्हाताऱ्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, चष्मा पुसला, आणि बोलता बोलता कपाटाची किल्लीच काढून दिली. चार दिवस दुपारच्या जेवणाला घरी नेलं.

मी नंतर बिराजदार सरांना विचारलं, काय लिहिलं होतं? म्हणाले, "काय न्हाई. लिहिलं की ह्या माणसाची जमेची बाजू तयार हाय, जर्बची बाजू तुमच्या कपाटात हाय."

*

नांदेडला परिषद होती. कांबळे सरांना वीस मिनिटं दिलेली. अध्यक्षस्थानी मोठ्या शहरातले एक नामवंत. चहाच्या वेळीच त्यांनी सरांना नाव विचारलं, आडनाव पुन्हा विचारलं, आणि मग गोड आवाजात विचारलं की नोकरी राखीव जागेवर का? सरांनी हो म्हटलं. मी शेजारी उभी होते.

सरांनी आयडेंटिटी मांडली. अध्यक्ष मध्येच म्हणाले, इतकं सुटसुटीत असेल तर ते खरं असणं शक्य नाही, असं असतं तर कुणाला तरी आधीच सापडलं असतं. सिद्धता ऐकायला ते तयार नव्हते. तेव्हा सरांनी फळ्याचे दोन भाग केले. डावीकडे बेरीज उलगडत गेले, उजवीकडे गुणाकार. पहिलं पद जुळलं. पाचवं जुळलं. बारावं जुळलं. खडू संपला, दुसरा घेतला. वीस पदं जुळली.

अध्यक्ष म्हणाले, "पुढे कुठेतरी चुकेल."

मागच्या बाकावरून बिराजदार सर उठले. "कुठं चुकंल तेवढं सांगा. आम्ही तिथवर थांबतो."

*

आता खरा संतापाचा किस्सा.

कांबळे सरांचे पीएच.डी.चे गाइड विद्यापीठात होते. नाव घेत नाही, गेले बिचारे. सरांनी आयडेंटिटी आणि तिची सिद्धता स्वच्छ अक्षरात लिहून त्यांच्याकडे दिली. "बघतो," म्हणाले. आठ महिने बघत होते. मग एक दिवस आमच्याकडे एका परदेशी जर्नलचा अंक आला. आयडेंटिटी छापलेली. वर नाव एकट्या गाइडसाहेबांचं. शेवटी बारीक टाइपात आभार. श्री. एस. कांबळे यांचे, टायपिंगमधल्या मदतीबद्दल.

कांबळे सरांना टायपिंग येतही नव्हतं.

त्यांनी ते पान वाचलं, अंक मिटवला, आणि घंटा झाली तसे एफ. वाय.च्या वर्गावर गेले. डबा उघडला नाही. बिराजदार सर तर त्याच दुपारच्या बसनं विद्यापीठात जायला निघाले होते. मी कांबळे सरांवरच चिडले, की तुम्ही काही बोलत का नाही. ते म्हणाले, "माझा थिसिस त्यांच्या ड्रॉवरमध्ये हाय, मॅडम. आज बोललो तर उद्या ते ड्रॉवर उघडायचं न्हाईत." गाइड बदलायचा तर अर्जावर सही त्याच गाइडची लागायची. असला नियम करणारा माणूस मला एकदा भेटायला हवा होता.

वर्षभरानं गाइडसाहेबांचं पाकीट आलं. आत परदेशातल्या एका प्राध्यापकाचं पत्र होतं, की तुमची आयडेंटिटी मी तपासली, क्यूच्या सातव्या घातापाशी दोन्ही बाजू जुळत नाहीत. आम्ही ताडून बघितलं. गाइडसाहेबांनी उतरवून घेताना गुणाकारातला एक अवयवच गाळला होता. सोबत त्यांची दोन ओळींची चिठ्ठी होती: "तुझ्या टायपिंगमधली चूक दिसते. तूच निस्तर."

बरोबर होतं तोवर त्यांचं. चुकलं की कांबळेचं.

बिराजदार सरांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि पहिल्यांदाच हसले. "लेखी दिलंय की," म्हणाले. "निस्तरा."

कांबळे सरांनी रविवारी बसून त्या प्राध्यापकाला आणि जर्नलला अकरा पानी उत्तर लिहिलं. आयडेंटिटी मूळ रूपात, सिद्धता पूर्ण, आणि तिच्यापासून निघणाऱ्या आणखी दोन. माझं इंग्रजी अक्षर बरं, म्हणून मी फेअर कॉपी केली. सही कशी करायची यावर बराच वेळ गेला. शेवटी त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं, खाली कॉलेजचा पत्ता, आणि पत्त्याच्या वर हुद्दा म्हणून एकच शब्द: टायपिस्ट.

पुढच्या एका अंकात जर्नलनं दुरुस्ती छापली. योग्य विधान आणि संपूर्ण सिद्धता सूर्यकांत कांबळे, लातूर यांची, असं स्पष्ट. पण आम्ही जपून ठेवलं ते त्या प्राध्यापकाचं आलेलं उत्तर. गणिताबद्दल सगळं लिहून झाल्यावर शेवटी त्यानं विचारलं होतं, "तुमच्याकडचे टायपिस्ट असे असतील, तर प्राध्यापक कसे असतील?"

*

पीएच.डी. मिळायला त्यानंतरही चार वर्षं लागली. कधी प्रकरणांचा क्रम बदला, कधी समास कमी करा. मिळाली तेव्हा कॉलेजनं सत्कार ठेवला, आणि प्रमुख पाहुणे म्हणून कुणाला बोलवावं? त्याच गाइडसाहेबांना. मी प्राचार्यांना जाऊन सांगितलं की मी येणार नाही. कांबळे सर घरी आले, म्हणाले, आई येणार हाय, तिच्याजवळ कुणीतरी बसायला पाहिजे. म्हणून गेले.

त्यांच्या आई सरूबाई. नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसल्या होत्या. खडी फोडून फोडून हातांची बोटं वाकडी झालेली. गाइडसाहेब चाळीस मिनिटं बोलले. हिरा मी ओळखला, पैलू मी पाडले, खेड्यातला मुलगा, त्याला शिस्त लावायला वेळ लागला, वगैरे. सरूबाई मला मधून मधून विचारत होत्या की साहेब काय म्हणतायत. मी जमेल तेवढं सांगत होते. सगळं नाही सांगितलं. थिसिस कुणाकडे किती वर्षं पडून होता एवढं मात्र सांगितलं.

मग प्राचार्यांनी आईंना दोन शब्द बोलायची विनंती केली. त्या लाजतील, नमस्कार करून बसतील, असंच सगळ्यांना वाटलं असणार. त्या स्टेजवर गेल्या. माइक हातानं बाजूला केला. लोकांकडे बघितलंच नाही, पाहुण्यांकडे वळल्या.

"साहेब, ह्येच्या वहीत काय हाय, मला वाचाया येत न्हाई. म्हनून मी इतकी वर्सं गप बसले. तुमाला तर वाचाया येतंय. तुमी कामून गप बसलाव?"