गणपतीचं तिकीट: जबलपूर ते नागपूर, रॅकवर काहीही न ठेवता

९ नोव्हेंबर, जबलपूर

वर्षभराहून जास्त काळ इथं एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. "ताई, फिरणं सोडलं का?" असं मध्ये दोघा-तिघांनी विचारलं, त्यांनाही उत्तर दिलं नाही. खरं सांगायचं तर बरेच महिने मला स्क्रीनकडे बघवत नव्हतं, आणि बघवायला लागलं तेव्हा लिहिण्यासारखा प्रवासच नव्हता. आता आहे. मी आणि माझी आई नागपूरला जाऊन आलो. लोक लडाखला जाऊन लिहितात आणि मी नागपूरबद्दल लिहितेय, हे मला कळतं. पण परत येताना मला जे वाटत होतं, ते लडाखला गेलेल्यांपेक्षा कमी नव्हतं.

आधी मागच्या वर्षीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

नागपूरला माझ्या सिंधूमावशीनं नवा फ्लॅट घेतला होता. वास्तुशांतीला आम्ही दोघी बसनं निघालो. जबलपूरहून कुणाकडे जायचं म्हणजे भेट ठरलेली असते, भेडाघाटच्या संगमरवराचं काहीतरी. आईनं गणपती निवडला. दिसायला वीतभर, पण उचलला की दगड म्हणजे काय ते कळतं. बसमध्ये तो ठेवायचा कुठं? सीटखाली नाही, कारण देव पायाशी ठेवत नाहीत. एवढे तास मांडीवर घेणं जमणारं नव्हतं. मग राहिली डोक्यावरची रॅक. देव वर, पाय खाली, आईच्या मनासारखं झालं. मी शाळेत विज्ञान शिकवते. पातळ कांबीच्या रॅकवर, कापडी पिशवीत, दगड ठेवला जातोय हे मला दिसत होतं. तरी मला एवढंच वाटलं की चला, एक प्रश्न सुटला.

लखनादौनच्या अलीकडे बस गतिरोधकावर जोरात उडाली आणि गणपती माझ्या डोक्यावर आला. मला आवाज आठवतो, दुखणं आठवत नाही. रक्ताचा थेंब नाही. कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली, कुणीतरी म्हणालं, "खून नहीं निकला ना? फिर कुछ नहीं हुआ." सगळ्यांना हायसं वाटलं, मलाही. आईनं मात्र खाली पडलेली पिशवी झडप घालून उचलली, उघडली, सोंड पाहिली, कान पाहिले, एक ओरखडा नाही म्हणून मूर्ती कपाळाला लावली, आणि मग माझ्याकडे वळली. त्याला काही फार वेळ लागला नसेल. पण तेवढा वेळ लागला हे तिलाही माहीत आहे आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी मावशीकडे डोकं जड होत गेलं. दुपारी उलट्या झाल्या. पंगतीत मी मावशीला "ते वाढायचं... ते..." म्हणत राहिले आणि पळी हा शब्द काही केल्या आठवेना. मावशीचा मुलगा सरळ गाडी काढून हॉस्पिटलात घेऊन गेला. स्कॅनमध्ये कवटीच्या आत रक्ताचा पातळ थर दिसला. ऑपरेशन करावं लागलं नाही, पण काही दिवस तिथंच राहावं लागलं, आणि पुढचे महिने अंधाऱ्या खोलीत, वाचन नाही, फोन नाही. डॉक्टर म्हणाले ते इथं मुद्दाम लिहिते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी उद्या बसमध्ये बसणार आहे. डोक्याला लागल्यावर रक्त बाहेर आलं नाही याला अर्थ नसतो. दुखणं वाढत गेलं, उलट्या झाल्या, झोप अनावर झाली, बोलणं अडखळलं, तर वाट बघायची नाही.

गणपती मावशीला दिलाच गेला नाही. आईनं तो परत आणला, जुन्या धोतरात गुंडाळला आणि कपाटात ठेवला. पूजा नाही, विसर्जन नाही, कुणाला देणं नाही. "माझ्या पोरीवर पडलेला देव मी बहिणीच्या घरात नाही ठेवत," एवढंच म्हणायची. डॉक्टरांनी मला उन्हाळ्यातच प्रवासाला परवानगी दिली. हरकत होती ती आईची. ती माझ्यासोबत कुठंही यायला तयार नव्हती, अगदी इथल्या इथं पनागरच्या लग्नालाही नाही. आणि माझं विचाराल, तर मीही फार जोर करत नव्हते. भीती आईची की माझी, हे मी स्वतःला नीट विचारलंच नव्हतं.

कोंडी फोडली मावशीनं. दसऱ्याला तिचा फोन आला. स्पीकरवर होता, म्हणून दोघींनी ऐकला.

"ताई, माझा गणपती कधी येऊन राहिला?"

आई म्हणाली, "सिंधू, दुसरा घे तू. मी पैसे देते."

"दुसरा काहून घेऊ? देवघरात त्याची जागा ठेवली ना मी. वरीसभर रिकामी आहे. शेजारीण विचारते, देव कुठं गेले? मी सांगते, जबलपूरला अडकले, माझ्या बहिणीनं डांबून ठेवले."

आई हसली नाही. पण रात्री जेवताना म्हणाली, "नेलाच तर ठेवशील कुठं त्याला? रॅकवर मी ठेवू देणार नाही. पायाशीही नाही."

"सीटवर," मी म्हटलं. "त्याचं तिकीट काढू."

बुकिंगच्या खिडकीवर आम्ही दोघी गेलो. साधी बस घेतली, एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन सीटवाली. सलग तीन जागा मागितल्या.

"तीसरी सवारी का नाम?"

आई म्हणाली, "गणेश."

"उम्र?"

आई अडली. माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बुजुर्ग हैं, भैया."

"सीनियर सिटीजन की छूट नहीं है, माताजी."

"छूट कौन मांग रहा है? पूरा लो."

मागच्या वर्षानंतर आईला पहिल्यांदाच अशी ठसक्यात बोलताना ऐकलं.

निघालो त्या सकाळी जबलपूरच्या सदरहून ऑटो केली. बसस्टँडवर पोहे-जलेबी खाऊन घ्या, पुढे लखनादौनपर्यंत धड काही मिळत नाही. आई खिडकीशी, मध्ये गणपती, कडेला मी. सीटवर आईनं नवा टॉवेल अंथरला, त्यावर गणपती बसवला आणि मी आईच्या जुन्या सुती साडीनं त्याला सीटच्या पाठीशी दोन वेढे देऊन बांधला. कारण सीटवर नुसता ठेवलेला दगडही ब्रेक लागला की निघतोच. गाठ ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. कंडक्टर तिकिटं बघत आला.

"तीसरी सवारी?"

मी बोट दाखवलं. त्यानं तिकीट पाहिलं, गणपती पाहिला, कानाला हात लावून नमस्कार केला. "बेल्ट भी लगा दिया आपने तो."

तोवर आमच्या मागच्या सीटवर एक जोडपं आलं. त्यांच्या वरची रॅक भरलेली होती, म्हणून त्या गृहस्थांनी आपली पिशवी आमच्या डोक्यावर चढवली. पिशवीतून प्रेशर कुकरची मूठ बाहेर डोकावत होती. आईला हृदयासाठी रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, आणि अशा माणसाच्या डोक्याला साधा मारसुद्धा साधा राहत नाही, हे मी वर्षभर वाचत आले होते. तरी उठून बोलायला मला वेळ लागला. लोक काय म्हणतील, आपण उगाच घाबरट तर ठरणार नाही ना, सगळं मनात येऊन गेलं.

"भाईसाहब, ये नीचे रख लीजिए. गिर सकता है."

"अरे मैडम, कुछ नहीं गिरता. रोज का है."

"रोज नहीं गिरता, एक दिन गिरता है."

"ये हवाई जहाज थोड़ी है," ते म्हणाले. दोन-चार लोक हसले. कंडक्टरही म्हणाला, "दीदी, बैठ जाइए, गाड़ी निकालनी है."

मी बसणार होते. खरंच बसणार होते. तेवढ्यात खिडकीकडून आईचा आवाज आला, सगळ्या बसला ऐकू जाईल असा.

"मेरी बेटी का सिर फूटा है इसी रोड पर. मैंने रखवाया था सामान ऊपर. अंदर खून जम गया था. महीनों वो पढ़ नहीं पाई, टीचर है वो. अब आप रखो ऊपर, जिसको रखना है!"

त्या गृहस्थांच्या बायकोनं नवऱ्याच्या दंडाला कोपरानं ढोसलं. "उतारो जी. कुकर ही तो है, ताज है क्या?" कुकर उतरला आणि त्यांच्या सीटखाली गेला. मग पुढच्या बाईंनी आपली तेलाची कॅन उतरवली. कुणी औजारांची बॅग उतरवली. कंडक्टर स्वतः मागून पुढे रॅक चाचपत आला आणि म्हणाला, "कपड़ा-वपड़ा रहने दो, लोहा-पत्थर नीचे." वर उरल्या रजया, उशा, कपड्यांच्या बॅगा.

तिलवाऱ्याच्या पुलावर आईनं गणपतीच्या अंगावरचा पदर जरा बाजूला केला. "नर्मदा बघू दे त्याला," म्हणाली. "मागच्या वेळी वरून काही दिसलं नसेल."

पुढचा रस्ता आता फार चांगला आहे. लखनादौनला बस चहाला थांबते, तिथं चहाबरोबर मंगोडे, म्हणजे मूगभजी, घ्या. छपाऱ्याला वैनगंगा ओलांडली की या दिवसांत रस्त्याकडेला सीताफळांच्या टोपल्या दिसतात. बस थोडी थांबली तेव्हा आईनं खाली उतरून एक टोपली घेतली आणि बसमध्ये आल्यावर न सांगता पायाशी ठेवली. सिवनी सोडली की कुरईचा घाट लागतो, पेंचचं जंगल. इथं जनावरांना पुलाखालून वाट ठेवली आहे आणि वर आवाज अडवणाऱ्या भिंती आहेत, त्यामुळे जंगल पाहायची आशा धरून बसलात तर हिरमोड होईल. वानरं मात्र दिसतात.

वानरांनीच ते केलं. एका वळणावर टोळी रस्त्यावर उतरली आणि ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. बसमधले सगळे पुढे झुकले. वर काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. तो आवाज मी ओळखते. मी डोळे मिटले, आणि माझ्या डोक्यावर दोन हात आले. बांगड्या कपाळावर लागल्या. आई गणपतीवरून आडवी होऊन माझ्या डोक्यावर दोन्ही पंजे दाबून बसली होती.

पडली ती एक रजई, आणि ती मागच्या गृहस्थांच्या मांडीवर. कुकर सीटखालून सुटून त्यांच्या टाचेला लागला. ते "हाय राम" म्हणाले, टाच धरून बसले, आणि मग बस जरा शांत झाल्यावर माझ्याकडे वाकून म्हणाले, "दीदी, सिर से एड़ी सस्ती." सगळी बस हसली. हसता हसता माझे डोळे भरून आले.

आईनं अजून हात काढले नव्हते. "लागलं का? कुठं लागलं? बोल ना, काहून बोलत नाहीस?"

"आई, काही नाही लागलं. रजई होती."

"पळी म्हणून दाखव."

"पळी," मी म्हटलं. "पळी, झारा, उलथनं."

तेव्हा तिनं हात काढले. गणपतीकडे तिनं त्यानंतर पाहिलं, तेही मी म्हटलं म्हणून. साडीची गाठ जशीच्या तशी होती.

मावशी फाटकात उभी होती. "आले का माझे कैदी!" दुसऱ्या दिवशी सकाळी स्थापना झाली. देवघरातली ती जागा खरंच रिकामी होती, धुऊन पुसून ठेवलेली. मूर्ती आईनं स्वतःच्या हातानं बसवली. तर्रीपोहे झाले, सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, झाली. जेवताना आई मावशीला म्हणाली, "सिंधू, मागच्या वर्षी मी आधी देव पाहिला. यावर्षी पोरगी पाहिली." मावशीनं तिच्या पानात आणखी एक वडी वाढली आणि म्हणाली, "त्यालाही तेच पाहिजे होतं. खा आता."

देवाला काय पाहिजे होतं ते मला माहीत नाही. मी त्यावर फार विश्वास ठेवणारी नाही. पण परतीच्या बसमध्ये आई मध्ये बसली, संत्राबर्फीचा डबा मांडीवर घेऊन, आणि कामठी यायच्या आत माझ्या खांद्यावर झोपून गेली. मी वर पाहिलं. रॅकवर फक्त कुणाचा तरी स्वेटर होता. मीही डोळे मिटले, वर्षभरात पहिल्यांदा चालत्या गाडीत.

कुणी जाणार असाल तर एवढंच: जड सामान पायाशी किंवा डिकीत, आणि शेजाऱ्याचं जड सामान डोक्यावर दिसलं तर बोला. लोक हसतात, मग उतरवतात. बोलायला मला उशीर होतो, हे मात्र मी अजून जिंकलेलं नाही. माझ्या आधी आई बोलली.

हे लिहायला आईच्या खोलीत बसले होते, कारण इथं उजेड मऊ आहे. आई झोपलीय. पान संपवता संपवता सहज वर नजर गेली. तिच्या उशाशी असलेल्या कपाटावर बाबा फॅक्टरीत नोकरीला होते तेव्हाची त्यांची लोखंडी ट्रंक आहे, अर्धी कडेच्या बाहेर. ती तिथं किती वर्षं आहे कोण जाणे. तिची उशी मी आत्ता हळूच पायाच्या बाजूला सरकवली, ती कुरकुरली, पण डोकं तिकडे करून झोपली.

उद्या: ट्रंक खाली उतरवणे.