खांद्यावरचा हात

माझी नणंद शाळेत खेळ शिकवते. हे कुणाला सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "ते ठीक, पण विषय कोणता?" ताई यावर हसतात. मला हसू येत नाही. इतकी वर्षं ऐकूनही माझं डोकं फिरतं.

पोरी त्यांना मागून शिट्टीबाई म्हणतात आणि ताईंना ते ठाऊक आहे. त्या आमच्याच घरात वरच्या खोलीत राहतात. शिट्टी फ्रिजशेजारच्या खुंटीला, चेंडूत हवा भरायचा पंप जेवणाच्या टेबलावर, आणि फाटलेली जाळी दोन खुर्च्यांना बांधून बाहेरच्या खोलीत. ताई रात्रीच्या बातम्या ऐकत तिला टाके घालत बसतात. हे घर आहे की मैदान, असं त्यांचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, अधूनमधून विचारतो. त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही.

शाळेत खेळाच्या तासाची काय किंमत असते ते मी ताईंच्या तोंडून ऐकलं आहे. गणिताच्या बाई दारात येऊन लाडीगोडी लावणार, "तेवढा तुमचा तास द्या हो, पोर्शन राहिलाय." मग विज्ञानाचे सर, मग भाषेच्या बाई. तास उसना न्यायचा आणि परत करायचं नाव नाही. खेळ राहिला म्हणून कुणी गणिताचा तास मागून नेल्याचं कधी ऐकलंय का तुम्ही? पोरींनी दिवसभर बाकावर बसून पाठीचा कणा वाकवला तर कुणाला काही वाटत नाही. त्या मैदानावर घाम गाळून आल्या की मात्र वर्गाला वास येतो म्हणे.

तरी ताईंनी त्या उरल्यासुरल्या तासांतून एक गोष्ट उभी केली होती. तिला पोरी नुसतं 'रांग' म्हणायच्या. व्हॉलीबॉलमध्ये संघाला सर्व्हिस परत मिळाली की सगळ्यांना एकेक जागा पुढे सरकावं लागतं. जाळीजवळची मागे जाते, मागची पुढे येते. ताईंनी त्यात अख्खा वर्ग घातला. दोन्ही बाजूंना सहा-सहा जणी, बाकीच्या रेषेबाहेर रांगेत. प्रत्येक फेरीला एक बाहेर जाणार, रांगेतली पहिली आत येणार. बाहेर जाणारीने आत येणारीच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "तुझी जागा." मग ती आत येणारी जाडी असो, चष्मेवाली असो, नाहीतर कालपर्यंत तिच्याशी अबोला असो. ही रांग कधी संपत नसे. तास संपला की पोरी आपापला नंबर लक्षात ठेवत आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात होई.

ताईंना हे का सुचलं, ते मला ठाऊक आहे. त्या स्वतः शाळेत असताना संघात होत्या. म्हणजे संघाबरोबर जायच्या, बाटल्या भरायच्या, चेंडू आणून द्यायच्या. शाळा संपेपर्यंत त्यांनी सगळ्यांना पाणी पाजलं आणि एकदाही कुणी त्यांना आत बोलावलं नाही. हे त्या अगदी सहज सांगतात. मी ऐकते तेव्हा मला त्यांच्या त्या वेळच्या बाईंना जाऊन चार शब्द सुनवावेसे वाटतात, पण त्या बाई आता कुठे सापडायच्या.

माझी लेक त्याच शाळेत. अंगापिंडाने लहान, म्हणून पोरी तिला मुंगी म्हणतात. वर्गात हिच्या तोंडून शब्द फुटत नसे. रांगेत उभी राहायला लागल्यापासून घरी जेवताना तिचं तोंड बंद होईना. आज कुणी कसा चेंडू उचलला, कोण पडलं, शिडीने कसा हाणला. शिडी म्हणजे त्यांच्यातली सगळ्यात उंच पोरगी. शाळेचा मुलांना काय उपयोग होतो ते मला तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

मग नव्या मोठ्या बाई आल्या. त्यांना चषक हवा होता. पलीकडच्या शाळेच्या काचेच्या कपाटात आहे, मग आपल्या का नाही, एवढंच कारण. त्यांनी बाहेरून एक सर आणले. त्या सरांनी पोरींना भिंतीशी उभं करून पट्टीने उंची मोजली, सहा जणी निवडल्या आणि मैदान त्या सहांना दिलं. बाकीच्यांनी खेळाच्या तासाला वर्गात बसून अभ्यास करायचा. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी मोठ्या बाईंनी हे सगळ्या शाळेसमोर जाहीर केलं. वर म्हणाल्या, बाकीच्यांनी नाराज व्हायचं कारण नाही, सामन्याच्या दिवशी टाळ्या वाजवायला आपल्याला सगळ्याच हव्या आहेत.

ताई ऑफिसात जाऊन भांडल्या. निदान बारा जणी तरी घ्या, म्हणाल्या. सरांनी त्यांना समजावलं की सहा तयार करायच्या तर वेळ सहांवरच घालवायचा असतो, राखीव पोरी म्हणजे नुसती गर्दी. मोठ्या बाईंनी मान डोलावली. स्टाफरूममध्ये सगळे मूग गिळून बसले. तास उसने नेणाऱ्यांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. घरी नवरा म्हणाला, जाऊ दे. हे त्याचं सगळ्यावरचं औषध आहे. मुंगी पुन्हा जेवताना गप्प बसायला लागली आणि ताईंनी जाळी गुंडाळून माळ्यावर टाकली.

अंतिम सामन्याला मी गेले. पोरींना बसमध्ये कोंबून आणलं होतं, मैदानाकडेच्या पायऱ्यांवर बसवलं होतं आणि प्रत्येकीच्या हातात कागदी झेंडा दिला होता. ताई कुठे दिसेनात. शोधलं तर त्या पायऱ्यांखाली पाण्याच्या पिंपाजवळ उभ्या. त्या दिवशी त्यांना काम दिलं होतं पाणी वाटायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सरळ मोठ्या बाईंकडे निघाले होते, ताईंनी माझा दंड धरून मला खाली बसवलं.

आणि सामना सुरू व्हायच्या आधी, सराव करतानाच, सहांपैकी एकीचा पाय दुसरीच्या बुटावर पडला. घोटा बघता बघता सुजला. पंच आले. त्यांनी सांगितलं, पाच जणींनी खेळता येत नाही, शाळेची कुठलीही मुलगी चालेल, ओळखपत्र दाखवा आणि उतरवा, नाहीतर सामना समोरच्यांना. सरांनी वळून राखीव बाकाकडे पाहिलं. बाकावर त्यांची स्वतःची बॅग होती आणि पाण्याच्या बाटल्या. गर्दी नको होती ना, मग गर्दी नव्हतीच.

मोठ्या बाई साडी सावरत पायऱ्या चढून वर आल्या. पोरींच्या तोंडांवरून नजर फिरवली. एकीचंही नाव त्यांना येत नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "तुमच्यात कुणाला खेळता येतं का?"

सगळ्या पायऱ्याच्या पायऱ्या खेळणाऱ्या पोरींनी भरलेल्या होत्या. एकीचाही हात वर गेला नाही. मग माझी लेक उभी राहिली. तिने उद्धटपणा केला नाही, आवाजही चढवला नाही.

"बाई, आम्हाला टाळ्या वाजवायला आणलंय," ती म्हणाली आणि खाली बसली.

मोठ्या बाईंचा चेहरा पडला. त्या खाली वाकून ताईंना म्हणाल्या की तुम्ही जरा सांगा यांना. मला वाटलं, आता ताईंची पाळी. बसू देत आता यांना हात चोळत. मनातल्या मनात मी ताईंना सांगत होते की एक शब्द बोलू नका, ते पिंप सोडू नका. ताईंनी मात्र हातातला पेला पिंपावर पालथा ठेवला आणि वर आल्या.

"मोठ्या बाईंचं सोडा," त्या पोरींना म्हणाल्या. "खाली पाच जणी उभ्या आहेत. त्यांना सहावी हवीय. रांगेत पुढे कोण होतं?"

रांग बंद होऊन कितीतरी महिने झाले होते. तरी सगळ्या पोरींची बोटं एकदम मुंगीकडे वळली. एकीचाही गोंधळ झाला नाही. मोठ्या बाई तिच्या उंचीकडे बघून पुटपुटल्या की हिच्यापेक्षा उंच कुणी नाही का. ताई म्हणाल्या, "नंबर हिचा आहे."

मुंगी खाली गेली. घोटा सुजलेली पोरगी लंगडत रेषेपर्यंत आली, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तुझी जागा." सर बघतच राहिले. हे त्यांनी शिकवलेलं नव्हतं.

आता मी सांगायला हवं की मुंगीने सामना जिंकून दिला. तसं काही झालं नाही. जाळीच्या वरच्या पट्टीपर्यंत तिची बोटंसुद्धा पोचत नव्हती. तिच्या दोन सर्व्हिस जाळीत गेल्या. पण मागच्या रांगेत ती जमिनीला छाती घासून चेंडू उचलत होती आणि शिडी तो पलीकडे हाणत होती. सगळ्या पायऱ्या ओरडून ओरडून बेभान झाल्या होत्या, झेंडे कधीच खाली पडले होते. थोडक्यात हरलो. उपविजेत्यांचा चषक मिळाला. फोटो काढताना शिडीने मुंगीला ओढून आपल्या शेजारी उभं केलं. मुंगी ओळीच्या टोकाला, तिचा हात शिडीच्या खांद्यावर. ताई तेव्हा रिकामे पेले गोळा करत होत्या.

काही दिवसांनी तो फोटो मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर भिंतीवर लागला. मी बघायला गेले. घोटा सुजलेली पोरगी खुर्चीत, बाकीच्या पाच जणी, मोठ्या बाई, सर, चषक. शिडीपाशी फोटो संपत होता. तिच्या खांद्यावर एक हात होता, मनगटापर्यंत. पुढे चौकट.

मी तशीच आत घुसले. मोठ्या बाई म्हणाल्या, फ्रेममध्ये बसत नव्हतं हो. मी म्हटलं, सर कसे बसले मग? तर म्हणाल्या की तशी ती मूळ संघात नव्हतीच ना. त्यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. बाहेरच्या शिपायाने दार लावून घेतलं एवढं सांगते. इतर आयांनाही मी गोळा केलं, पालकसभेत आम्ही सगळ्यांनी टेबलं वाजवली आणि खेळाचा तास सगळ्या पोरींना परत मिळाला. तोही उपकार केल्यासारखा. फोटो मात्र तसाच राहिला.

मी ताईंना म्हटलं, मी स्वतः जाऊन ती फ्रेम उतरवते. ताई माळ्यावरून काढलेल्या जाळीला टाके घालत होत्या.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "नव्या पोरी तिथे थांबतात आणि विचारतात, बाई, हा हात कोणाचा. मग मी त्यांना रांगेत उभं करते."

मुंगी शेजारीच दोरा ओवून देत होती. ती म्हणाली, "आई, माझाच आहे ना तो. दिसतोय की."

त्या दोघींचं मन मोठं आहे. माझं नाही. मी अजूनही शाळेत गेले की आधी त्या फोटोसमोर उभी राहते, मोठ्या बाईंचं दार उघडं आहे ना ते बघते, आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, "काय हो, हा हात कोणाचा?"