चोवीस भोकं, एक प्रोग्रॅम

मी चौथी पास. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात आधी कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव लोखंडी भागांच्या, धारा घासायचे, मग प्रोग्रॅमवर आपोआप चालणाऱ्या सीएनसी मशीनवर आले. आले म्हणजे काय, जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो भाग, मशीनला बांधायचा, बटण दाबायचं, जॉब सोडायचा. प्रोग्रॅम लिहायला इंजिनिअर होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तो पुण्याला गेला आणि त्याच आठवड्यात पंपाच्या झाकणांचं काम आलं. एका झाकणाला चोवीस भोकं. प्रत्येक भोकाला ड्रिल थोडं खाली, वर, परत खाली. एवढं चोवीसदा लिहिलं तर मशीनच्या मेमरीत मावेना.

मालक म्हणाले, काम बाहेर देतो, तुम्ही परत घासायला बसा. मी दोन दिवस मागून घेतले.

इंजिनिअरची वही मी उतरवून घेतली होती. एम अठ्ठ्याण्णव म्हणजे सबप्रोग्रॅमकडे, वेगळ्या लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमकडे, जा, एम नव्याण्णव म्हणजे होतास तिथे परत ये. त्याचा उपयोग मला कळला तो भजनामुळे. मंगळवार पेठेतल्या आमच्या भजनी मंडळाची वही मीच लिहायचे. ध्रुपद वर एकदाच लिहायचं, कडव्याखाली नुसतं ‘धृ’. ध्रुपद म्हणून झालं की पुढचं कडवं. ड्रिलचं खाली-वर हे ध्रुपद. ते एकदाच लिहायचं.

लिहिलं आणि जॉब न बांधता मशीन चालवून बघितलं. ड्रिल चोवीस वेळा एकाच जागी खाली गेलं. शेजारचा लेथवाला म्हणाला, “मावशी, बोअर मारताय व्हय? पाणी लागलं का?”

मी प्रोग्रॅम परत ओळीओळीनं वाचला. भोकाची जागाच मी सबप्रोग्रॅममध्ये घातली होती. कडव्यातली ओळ ध्रुपदात घुसली होती. ती बाहेर काढली. मुख्य प्रोग्रॅममध्ये फक्त चोवीस जागा, प्रत्येक जागेनंतर एम अठ्ठ्याण्णव.

तिसऱ्या दिवशी सकाळी खरं झाकण बांधलं. मालक हाताची घडी घालून उभे. ड्रिल एकेका जागी गेलं, पुढे सरकलं. चोवीस झाली आणि थांबलं. मालकांनी तपासायची चोवीस पिनांची प्लेट वर ठेवली. हातोडी न मारता ती खाली बसली.

“बसली की,” ते म्हणाले.

“बसणारच,” मी म्हणाले. “दुसरं झाकण आणा.”

काम बाहेर गेलं नाही, मी घासायला गेले नाही. पुढे नवा इंजिनिअर आला, त्यानं माझा प्रोग्रॅम तपासायला मागितला. अर्धा दिवस बघत बसला. खोडायला एक ओळ सापडली नाही. मला त्याची अजिबात कीव आली नाही.